नगरची थंडी आणि बाजारातली थंडी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भुईकोट किल्ला, चांदबिबीची तलवार आणि पाठ करायच्या सनावळ्या उभ्या राहतात. आज मी तुम्हांला किल्ल्यावर नेणार नाही. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी माळ्यावर एक जुना पेटारा किंवा ट्रंक असते, तिथवरच आपल्याला जायचे आहे. तिच्या तळाशी गोधडी असते, तिच्यावर एखादी जुनी घोंगडी, मग सासूबाईंनी विणलेला स्वेटर आणि सर्वांत वर परवाच्या सेलमध्ये घेतलेले गुबगुबीत जाकीट. हे सारे थंडीचेच कपडे. पण प्रत्येक कपडा निरनिराळ्या काळी घरात आला आणि खरे सांगायचे तर निरनिराळ्या देशांच्या थंडीसाठी आला. त्यांतला कोणता कपडा आपल्या थंडीचा आणि कोणता परक्या थंडीचा, एवढाच प्रश्न मला या लेखात विचारायचा आहे.

प्रथम आपली थंडी पाहू. २०२४ पासून आपला जिल्हा अहिल्यानगर झाला, पण हवा काही नावाबरोबर बदलली नाही. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत राहतो. डिसेंबरात पहाटे पारा साधारण १० ते १३ अंशांवर असतो. थंडीची लाट आली तर ६-७ अंशांपर्यंतही उतरतो. परंतु त्याच दिवशी दुपारी दोन वाजता २८ अंश असतात आणि आपण पदराने वारा घेत असतो. म्हणजे नगरची थंडी ही दिवसाची नव्हे, पहाटेची थंडी. आकाश निरभ्र असले की जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते, म्हणून पहाट गार. तेच आकाश ढगाळले की ती ऊब ढगांखाली अडकते, रात्र उबदार होते आणि थंडी एकाएकी पळून जाते. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आले, उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यांशी त्याची गाठ पडली, की ऐन मार्गशीर्षात पाऊस पडतो. त्याला आपण अवकाळी म्हणतो. मग पहाटेची कोरडी थंडी जाऊन दिवसभर ओलसर गारठा राहतो.

अशा हवेत लोकरीचा जाड कोट सकाळी आठपर्यंत कामाचा, दहाला नकोसा आणि पावसात तर निव्वळ ओझे. शाळेत जाणारी मुले पाहा. सकाळी सातला गळ्यापर्यंत निळा स्वेटर घालून निघतात आणि दुपारी तोच स्वेटर कमरेला बांधून घरी येतात. एखादा तर रिक्षातच राहतो आणि आईच्या हाती नवा घेण्याचा खर्च पडतो.

आपल्या आज्या-पणज्यांना ही हवा पुरती ओळखीची होती. त्यांनी तिच्यासाठी जे कपडे शोधले त्यांत मोठे शहाणपण आहे. गोधडीच घ्या. जुनी लुगडी, धोतरे, परकर यांचे थर एकावर एक पसरायचे, कडेला पट्टी लावायची आणि धावदोऱ्याने आतवर येत जायचे. एक जाड कापड जी ऊब देत नाही ती पाच पातळ थर देतात, कारण थरांमध्ये हवा कोंडते. थंडी वाढली तर दोन पांघराव्यात, कमी झाली तर एक दूर सारावी. घटस्थापनेपूर्वी सगळ्या गोधड्या नदीवर नाहीतर विहिरीवर नेऊन धुण्याची आपली रीत आहे. तिला सोवळ्या-ओवळ्याचे कारण असेलही. पण पाऊस सरला आहे, ऊन कडक आहे आणि थंडी अजून दूर आहे, असा तोच नेमका काळ, हेही त्या रीतीत आहे. अलीकडे पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळतो आणि भिजलेल्या गोधड्या वाळता वाळत नाहीत, हे आपण सगळ्याच अनुभवतो. रीत बिघडली नाही, हवेचे गणित बिघडले.

दुसरी घोंगडी. ही खरी आपल्या जिल्ह्याची मानकरी. पारनेर, संगमनेर, जामखेड, कर्जत या भागांत धनगरांचे कळप पूर्वापार आहेत. जामखेड तालुक्यातील चौंडी गावी ३१ मे १७२५ रोजी ज्यांचा जन्म झाला त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी धनगर घराण्यातल्याच. दख्खनी मेंढीची लोकर राठ, काळी-तपकिरी. काश्मिरी शालीसारखी मऊ नव्हे. वर्षातून दोनदा ती कातरायची, कमानीने पिंजायची, मग घरच्या बायकांनी ती कातायची आणि पुरुषांनी जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर विणायची. सणगर समाजाचा तर हा पिढीजात धंदाच. सुताला चिंचोक्याची खळ देत, म्हणून विणीला ताठपणा येई.

या राठ लोकरीला पाण्याचे भय नाही. लोकरीचा एक गुण शास्त्रज्ञही सांगतात की, ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प शोषते, तरी अंगाला ओली लागत नाही. मेंढीच्या अंगचे तेल आणि घट्ट वीण यांमुळे पावसाचे थेंब घोंगडीवरून ओघळून जातात. म्हणून मेंढपाळ आषाढात तिची खोळ करून डोक्यावर घेतो, पौषात तीच पांघरतो आणि चैत्रात तीच अंथरतो. पाऊस आणि गारठा एकदम आले तरी उपयोगी पडावे असे वस्त्र आपल्या मुलखाने आपल्यासाठी केले होते. ते करताना कातण्याचे अर्धे श्रम बायकांचे होते, हे मात्र कोणी फारसे लिहून ठेवले नाही.

आता कोणी म्हणेल, ही सारी गरजेची वस्त्रे, हौसेचे काय? भगिनींनो, थंडीची हौसही आपल्याकडे होती आणि ती फार समंजस होती. संक्रांतीची काळी चंद्रकळा आठवा. एरवी सणाला वर्ज्य असणारा काळा रंग त्या एका दिवशी मानाचा. काळे वस्त्र उन्हातील उष्णता अधिक शोषते, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. कापड पातळ सुतीच, पण रंग उबदार. सकाळी गारव्यात बरे वाटते, दुपारी घाम फोडत नाही. बरोबर तीळ, गूळ आणि बाजरीची भाकरी, म्हणजे निम्मी ऊब अंगावरून आणि निम्मी पोटातून! नगरात साळी, कोष्टी आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली यांचे माग कैक पिढ्या लुगडी विणत आले. आपल्या घरची थंडीची नवलाई अशी गावातल्याच मागावरून येत असे.

मग परकी थंडी आपल्याकडे आली कशी? ती प्रथम फौजेबरोबर आली. १८०३ साली वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे भिंगारजवळ इंग्रजांची छावणी वसली. इंग्रज आपल्या मुलखातून फ्लॅनेलवरची श्रद्धा घेऊन आले होते. पोटाला गारवा लागला की कॉलरा होतो, अशी त्यांची समजूत. म्हणून हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांना पोटाभोवती गुंडाळायला फ्लॅनेलचा पट्टा दिला जाई आणि त्याला नावच ‘कॉलरा पट्टा’ होते. १८८४ साली कोख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू आणि दूषित पाण्याचा संबंध दाखवून दिला. तरीही पट्टा बरीच वर्षे सुटला नाही. वैशाखाच्या उन्हात पोटावर लोकर बांधून कवायत करणाऱ्या त्या शिपायाची मला कीव येते; पण त्याला हसण्यापूर्वी आपण मे महिन्यातला आपल्याकडचा नवरदेव पाहावा. बाहेर ४० अंश, मांडवात गर्दी आणि वर बिचारा गळ्यापर्यंत बंद सुटात!

फौजेला लोकर लागते म्हणून गिरण्या निघाल्या. कानपूरची लाल इमली १८७६ ची. पंजाबात धारीवालला मोठी गिरणी झाली. आपल्या महाराष्ट्रात ठाण्याला १९२५ साली रेमंडची लोकरीची गिरणी सुरू झाली, ती आता बंद आहे. ठाण्याची हवा तुम्हांला ठाऊकच आहे, तिथे घोंगडीसुद्धा क्वचितच लागते! आरंभी तिथे फौजेसाठी ब्लँकेटे होत. पुढे सुटाचे कापड होऊ लागले आणि ते विकण्यासाठी सुंदर जाहिराती निघाल्या. लोकरीचे कापड म्हणजे प्रतिष्ठा, ही कल्पना आपल्या मध्यमवर्गात त्यानंतर पक्की रुजली. थंडी लागते म्हणून कपडा, हा क्रम उलटला. कपडा आहे म्हणून थंडीची वाट पाहायची, असे झाले.

विणकामाची कथा थोडी निराळी आहे. मिस सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई १८३९ साली नगरला आल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, हे आपल्या गावाचे भाग्य. मिशनच्या मुलींच्या शाळांतून अक्षरांबरोबर सुईदोराही शिकवीत. पुढे विणकामाच्या सुया घरोघर आल्या आणि दुपारच्या वेळी ओटीवर बसून उलट-सुलट टाके घालणे हा आपल्या आयांचा विरंगुळा झाला. घराबाहेर पडायला, चार मैत्रिणींत बसायला ते एक निमित्त होते. कित्येक महिला मंडळे अशा वर्गांतूनच वाढली.

आणि एकदा त्या विणकामाचे सोने झाले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, तेव्हा आपले कित्येक जवान सुती गणवेश आणि कॅनव्हासचे बूट घालून दहा-पंधरा हजार फुटांवर लढत होते. तिथली थंडी ही खरी थंडी होती आणि तिथे लोकरीचा कपडा म्हणजे प्राण होता. देशभर बायकांनी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणून पाठवल्या. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सपाटीवरच्या गोदामातला सुती गणवेश हिमालयात नेला तर माणसे गारठून मरतात. हिमालयातला कोट नगरला आणला तर कोणी मरत नाही, पैसा तेवढा जातो. पण दोन्हींत चूक तीच आहे : हवा न पाहता कपडा नेमणे.

सुमारे त्याच सुमारास आपल्या रस्त्यांवर आणखी एक दृश्य दिसू लागले. १९५९ नंतर तिबेटी बांधव निर्वासित होऊन भारतात आले आणि उपजीविकेसाठी हिवाळ्यात गावोगाव स्वेटर विकू लागले. दिवाळी झाली की दुकाने मांडायची आणि फेब्रुवारीत आवरायची. माल बहुतेक लुधियानाचा. खऱ्या थंडीतून आलेली माणसे आपल्या सौम्य थंडीवर पोट भरतात याचे मला नेहमी नवल वाटते. त्यांच्या दृष्टीने पाहा : ज्या वर्षी डिसेंबर ढगाळ जातो, त्या वर्षी माल पडून राहतो आणि उधारी डोक्यावर राहते. हवा आणि बाजार यांची फारकत झाली की तोटा नुसता घेणाऱ्याचा होत नाही, विकणाऱ्याचाही होतो.

परंतु तिबेटी भगिनी निदान थंडी पडायची वाट तरी पाहते. मोठा बाजार तेवढेही थांबत नाही. मुंबईत लॅक्मे फॅशन वीक म्हणून कपड्यांचा सोहळा होतो. त्याच्या ‘विंटर-फेस्टिव्ह’ पर्वाचे प्रदर्शन अनेक वर्षे ऑगस्ट महिन्यात भरत असे, म्हणजे बाहेर मुंबई पाण्यात आणि आत हिवाळा! युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांचे हिवाळ्याचे कपडे तर तिकडच्या बर्फाच्या हिशेबाने ठरतात. तेच चित्र, तेच जाकीट, तीच लोकरी टोपी आपल्या मोबाइलवर नोव्हेंबरात येते आणि कापड बाजारातल्या काचेतही दिसते. चित्रात मुलगी बर्फात उभी असते आणि पाहणारी आपली लेक पंख्याखाली बसलेली असते. कंपनीला नगर, नाशिक, नॉर्वे एकच. वर्षाचे चार तुकडे त्यांनी पाडले आहेत. त्यांत आपला हस्ताचा पाऊस, पहाटेचे दव, हुरड्याचे दिवस यांना जागा नाही.

यात केवळ हौसेचा प्रश्न असता तर मी इतके लिहिले नसते. पण आपली थंडी आता पूर्वीइतकीही भरवशाची राहिलेली नाही. हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे साल देशातले सर्वांत उष्ण ठरले. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस पारनेर भागात गारपिटीने शेते झोडपली. आणि डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत जे झाले ते मी विसरू शकत नाही. मोठ्या पावसाबरोबर बोचरा वारा सुटला आणि पारनेर, संगमनेर, तसेच शेजारच्या जुन्नर, शिरूर भागांत उघड्या माळावरच्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. जिच्या लोकरीने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पाऊस आणि थंडी यांपासून राखले, ती मेंढी पावसाळी थंडीनेच मेली. कोरड्या थंडीत तिला तिची लोकर पुरते; अंग भिजून वारा लागला की नाही पुरत. ज्या धनगराचा कळप गेला, त्याच्या लोकरीला तरी आज काय भाव आहे? कातरायची मजुरीही निघत नाही म्हणून कित्येक जण ती टाकून देतात. आणि आपण त्याच महिन्यात दूरच्या कारखान्यातले अ‍ॅक्रिलिकचे जाकीट घेतो. अ‍ॅक्रिलिक म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच. ते बाष्प जवळजवळ शोषत नाही, म्हणून दुपारी आत घाम साचतो आणि पावसात आतपर्यंत ओल जाते.

आणखी एका ठिकाणी नजर टाकू. आपला जिल्हा साखरेचा. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, मग एकामागून एक निघाले. दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडून ऊसतोड कामगार येतात आणि शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात. पहाटे तीन-चारला त्या मायबहिणी दवात भिजलेल्या उसात उतरतात. लेकरू कोपीत निजलेले असते. अवकाळी आला की कोपीत पाणी शिरते आणि अंथरूण-पांघरूण सारे भिजते. नगरच्या थंडीत गरम कपड्याची खरी गरज कोणाला, याचे उत्तर तिथे आहे. पण त्या कोपीसाठी कोणी जाहिरात काढीत नाही, कारण तिथे विकत घेणारे कोणी नाही.

स्वेटर घालूच नका, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तान्ही बाळे, वृद्ध माणसे, दम्याचे रोगी, पहाटे दूध घालणारे यांना ऊब हवीच. माझे सांगणे एवढेच की, कपडा घेताना जाहिरातीतले बर्फ न पाहता आपल्या अंगणातले दव पाहावे. एका जाड जाकिटापेक्षा दोन पातळ थर बरे; ऊन चढले की एक काढता येतो. लहान मुलाला अंगालगत सुती आणि वर बिनबाह्यांचा स्वेटर पुरे होतो. घेण्यापूर्वी आतली चिठ्ठी वाचावी, लोकर किती आणि अ‍ॅक्रिलिक किती ते त्यावर असते. ढगाळ दिवसांत लोकरीपेक्षा छत्री अधिक कामाची. घोंगडी घ्यायचीच असेल तर विणणाऱ्याकडून घ्यावी, कातणारीचेही चार पैसे तिच्यात असतात.

मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी की, येत्या वर्षी गोधडीचा वर्ग घ्यावा आणि ज्या आजी अजून धावदोरा घालतात त्यांनाच शिक्षिका करावे. कोणत्या पट्टीला काय म्हणतात, चौकट कशी धरतात, हे आपण लिहून ठेवले नाही तर दुसरे कोणी ठेवणार नाही. दुसरी अशी की, त्या वर्गात होणाऱ्या गोधड्या आणि प्रत्येक गोधडीबरोबर एक ताडपत्रीचा तुकडा आपण दिवाळीनंतर जवळच्या कारखान्याच्या तळावर पोहोचवू. ऊब आतून गोधडीची आणि पावसापासून बचाव वरून ताडपत्रीचा : नगरच्या हिवाळ्याला दोन्ही लागतात. नावे नोंदवायची असतील त्या भगिनींनी पुढच्या सभेत कार्यवाहांकडे द्यावीत. जुनी सुती लुगडी असतील तर तीही येताना घेऊन यावीत.